पहिली हाफ मॅरेथॉन: सतराचा पाढा म्हणत धावायला शिका

मी मुलुंडची. वय ४४, नोकरी फोर्टात. शाळेतल्या खो-खोनंतर धावण्याशी संबंध उरला होता तो फक्त सुटत्या लोकलपुरता. दोन वर्षांपूर्वी मुंबई मॅरेथॉनमधली हाफ, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, धावायचं मनावर घेतलं. पहिल्या वर्षी नडगी दुखावून घरी बसले. दुसऱ्या वर्षी पूर्ण केली, २ तास ५१ मिनिटांत. वेळ आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना दोन तासांच्या आत यायचंय त्यांनी दुसरं कुणी गाठावं. पण बस पकडताना धाप लागते आणि तरीही जानेवारीत धावायची इच्छा आहे, अशांसाठी हा लेख आहे. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. शून्यापासून सुरुवात करत असाल तर जुलैअखेर, फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाहेर पडा. आठ आठवडे पाया आणि सोळा आठवडे तयारी, असा हिशेब आहे.

१. आधी डॉक्टर

चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि "२१ किलोमीटर धावायचंय" हे स्पष्ट सांगा. "व्यायाम सुरू करतेय" एवढंच सांगितलंत तर ते मान डोलावतील. ईसीजी, रक्त तपासणी आणि गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट. बायकांनी हिमोग्लोबिन जरूर बघावं. माझं कमी निघालं होतं, आणि मी ते वयावर ढकलत होते.

२. सामान

लागतं थोडंच, पण त्यात चुका फार होतात.

- बूट: धावण्याचेच. बॅडमिंटनचे, जिमचे, मुलाचे जुने चालणार नाहीत. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. ज्या मोज्यांत धावणार तेच घालून जा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. साधारण ६०० ते ८०० किलोमीटर झाले की बूट बदला, वरून कितीही नवे दिसले तरी.
- कपडे: सुती टी-शर्ट विसरा. मुंबईच्या दमटपणात तो दोन किलोमीटरमध्ये ओल्या पायपुसण्यासारखा होतो आणि काखेत सोलवटतो. घाम न धरणारा कृत्रिम कापडाचा घ्या. मोजेही तसलेच, नाहीतर फोड येतात.
- बायकांसाठी: स्पोर्ट्स ब्रा हा खर्च बुटांइतकाच महत्त्वाचा. त्यात काटकसर करू नका.
- व्हॅसलीन: मांड्या, काखा, ब्राची पट्टी, आणि पुरुषांनी स्तनाग्रं. हसू नका, पांढऱ्या टी-शर्टवर रक्ताचे दोन ठिपके घेऊन येणारे पुरुष प्रत्येक शर्यतीत दिसतात.

घड्याळ पहिल्या दिवसापासून लागत नाही. फोनवरचं फुकट ॲप पुरतं.

३. पहिले आठ आठवडे: हळू, त्याहून हळू

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पहिल्या आठवड्यात १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, असं आठ वेळा. दर आठवड्याला धावणं थोडं वाढवा, चालणं थोडं कमी करा. आठव्या आठवड्याच्या शेवटी न थांबता अर्धा तास धावता आलं की पाया झाला. किती किलोमीटर झाले ते बघू नका.

आता वेगाचं. आम्हा मुंबईकरांना धावणं एकाच प्रकारचं माहीत: गाडी सुटतेय आणि आपण जिन्यावर आहोत. नवा माणूस मैदानात उतरतो तो त्याच वेगाने, आणि तीन मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मग म्हणतो, "मला धावणं जमत नाही." जमतं. फक्त तो वेग धावण्याचा नव्हता, गाडी पकडण्याचा होता.

माझी चाचणी सोपी आहे. धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. दोन-तीन ओळी एका श्वासात सलग येत असतील तर वेग बरोबर. प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. (सतराचा येत नसेल तर बाराचा म्हणा, पण मग धावण्याबरोबर त्याचाही सराव करा.) बरोबर कुणी असेल तर पाढ्याची गरज नाही. मी आणि माझी शेजारीण सासूपासून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं बोलत धावायचो. बोलणं तुटलं की वेग वाढला असं समजायचं.

एवढं हळू का? कारण दम लवकर वाढतो आणि हाडं उशिरा तयार होतात. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडं, स्नायूबंध आणि सांध्यांना महिनोन् महिने लागतात. मधल्या काळात तुम्हाला वाटतं, "मी तर उडतेय." माझी नडगी गेली ती अशाच उडण्यात. पहिल्या वर्षी चौथ्या-पाचव्या आठवड्यात मजा यायला लागली म्हणून आठवड्याचे १२ किलोमीटर एकदम २५ वर नेले. पुढचे पाच आठवडे बर्फ, विश्रांती आणि "मी सांगितलं होतं ना" हे नवऱ्याचं वाक्य.

४. कुठे धावायचं

मुंबईत धावायला जागा नाही हे खोटं. सकाळी साडेसहानंतर जागा नाही, हे खरं. म्हणून पाचला बाहेर पडा.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याबाहेरची चक्कर किलोमीटरपेक्षा थोडी जास्त भरते. नव्या माणसाला याहून चांगली जागा नाही. सपाट रस्ता, दिवे, माणसांची वर्दळ, आणि दमलात तर बसायला कट्टा. मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपास सलग मिळतात, मध्ये रस्ता ओलांडायची कटकट नाही. वरळी सी फेस, कार्टर रोड, माटुंग्याचं फाइव्ह गार्डन्स ही त्या त्या भागातल्यांची ठिकाणं. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कात सिंथेटिक ट्रॅक आहे. गुडघे कुरकुरत असतील तर असा मऊ पृष्ठभाग बरा.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण सहा किलोमीटरचा आहे. झाडी, गारवा, आणि शेवटी चांगला चढ. पार्क सोमवारी बंद असतं, हे मी गेटवर जाऊन शिकले. आरेचे चढउतार तयारीला उत्तम, पण अंधारात एकटं जाऊ नका. तिथे बिबटे आहेत, आणि ते आपल्यापेक्षा लवकर उठतात.

सापळे तीन. पहिला, फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक. एखादा सैल असतोच, आणि घोटा मुरगळायला एकच पुरतो. सकाळच्या रिकाम्या रस्त्याच्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने धावणं त्यापेक्षा बरं. दुसरा, कुत्रे. अंगावर आले तर पळू नका. थांबा, चाला, त्यांच्या डोळ्यांत रोखून बघू नका. तिसरा, हेडफोन. एक कान मोकळा ठेवा, बायकांनी तर नक्कीच.

मध्य रेल्वेवाल्यांसाठी खास सूचना: रविवारी पहाटे दादरला जायला गाडी मिळते, पण लांब धावणं झाल्यावर कट्ट्यावर चहा पीत बसलात की परतताना मेगाब्लॉक लागतो. १६ किलोमीटर धावून दादरच्या फलाटावर पाऊण तास उभं राहणं हाही सरावच म्हणा हवं तर.

५. पाऊस आणि ऑक्टोबर

तुमचा पाया पावसात घातला जाणार. पावसात खुशाल धावा, साचलेल्या पाण्यातून मात्र नको. त्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि पायाला बारीकशी जखम असली तरी लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. चुकून पाय बुडालेच तर घरी येऊन साबणाने धुवा, आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. ओल्या बुटांत रद्दी कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही. दोन तासांनी कागद बदलला तर दुसऱ्या दिवशी बूट कोरडे.

ऑक्टोबर त्याहून वाईट. हवेत एवढी वाफ असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्या महिन्यात वेग आपोआप पडतो. आपण मागे जातोय असं वाटून जोर लावू नका. पाढा म्हणा आणि जेवढा वेग येईल तेवढा घ्या. डिसेंबरात तेच अंतर त्याच दमात लवकर संपतं. डिसेंबर-जानेवारीत धुरकं असतं, तेव्हा हवेचा निर्देशांक बघून निघा. फारच खराब असेल त्या दिवशी घरी बैठका मारा.

६. नोंदणी आणि कागदपत्रं

हे शर्यतीच्या कितीतरी आधी करावं लागतं. नोंदणी साधारण पावसाळ्यातच उघडते आणि जागा भरल्या की संपली. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरावरून नको. हे हाताशी ठेवा:

- सरकारी फोटो ओळखपत्र, आणि नोंदणीत नाव अगदी त्यावर आहे तसंच. माझ्या आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर आधीचं. दोन्हीचा घोळ झाला होता.
- आधी पळालेल्या १० किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र. मोठ्या स्पर्धा ते मागू शकतात, आणि त्यावरून तुम्हाला पुढच्या की मागच्या गटात उभं करायचं ते ठरतं.
- रक्तगट, आजार, रोजची औषधं, आणि घरच्या एका माणसाचा नंबर. जो स्वतः धावणार नाही अशाचा. आम्ही दोघींनी एकमेकींचा दिला होता!
- टी-शर्टचं माप. ते नंतर बदलून मिळेल या आशेवर राहू नका.

कुणाचा तरी बिब, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, "तो जात नाहीये, तू धाव" म्हणून मिळतो. घेऊ नका. बाद होता हा एक भाग, पण वाटेत तुम्ही कोसळलात तर डॉक्टर त्या बिबवरची माहिती तुमची समजून उपचार करतील.

मुंबईची जागा हुकली तर साधारण डिसेंबरात होणारी वसई-विरार मॅरेथॉन बघा. रस्ता सोपा आणि गावकरी मनापासून टाळ्या वाजवतात. सातारा हिल मॅरेथॉनचे फोटो बघून मोह होतो, पण यवतेश्वरचा घाट पहिल्या हाफसाठी नाही. आधी सपाटीवर धावा.

७. सोळा आठवडे

आठवड्यात तीनच दिवस धावायचं. दोन दिवस ४ ते ७ किलोमीटर, आणि रविवारी लांब. रविवारचे आकडे असे (किलोमीटर):

आठवडा १ ते ४: ५, ६, ७, ५
आठवडा ५ ते ८: ८, ९, १०, ७
आठवडा ९ ते १२: ११, १२, १४, १०
आठवडा १३ ते १६: १६, १८, १२, शर्यत

दर चौथ्या आठवड्यात आकडा खाली येतो, तो मुद्दाम. अंग त्याच आठवड्यात दुरुस्त होतं. "बरं वाटतंय, कशाला कमी करू" हा विचार आला की माझी नडगी आठवा. तयारीत २१ पूर्ण करायची गरज नाही. १८ झाले की उरलेले तीन गर्दी ओढून नेते.

एखादा रविवार चुकला तर सोडून द्या, पुढच्या आठवड्यात दोन्ही भरून काढू नका. दिवाळी बरोबर मध्यात येते. फराळ खा, फक्त अभ्यंगस्नानाआधी धावून या. नरकचतुर्दशीला तसंही पहाटे उठायचंच असतं.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं घरीच: बैठका, प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ, सरळ धरून ठेवणं), आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली. हा शेवटचा प्रकार कंटाळवाणा आहे. दुसऱ्या वर्षी मी वाचले ती बहुधा त्यामुळेच. नवव्या आठवड्यापासून मधल्या एका दिवशी एखादा फ्लायओव्हर चार-पाच वेळा चढा-उतरा. का, ते शेवटच्या भागात कळेल.

८. पोट

पहाटे निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा दोन-तीन खजूर, सोबत थोडं पाणी. चहाची सवय असेल तर तोही घ्या, पण मग दहा मिनिटं घरातच थांबा. कारण समजून घ्या.

सव्वा-दीड तासाच्या पुढे धावणार असाल तर वाटेत साखर लागते. जेल (धावणाऱ्यांसाठी पुडीत मिळणारा साखरेचा घट्ट पाक) घ्या, खजूर घ्या, गोळ्या घ्या, पण जे शर्यतीत खाणार ते रविवारच्या सरावात खाऊन बघा. चिक्की मी एकदा खिशात नेली. धावता धावता चिक्की चावणं आणि श्वास घेणं एका वेळी होत नाही.

पाण्याबाबत दोन्ही टोकं वाईट. तहान लागेल तसं घोट घोट प्या. नुसतं पाणी भरमसाट ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि ते जिवावर बेतू शकतं. लांब धावण्यात मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस ठेवा. एक लिटरची पुडी एका लिटरातच विरघळवा, "जास्त ताकद" म्हणून पेल्यात ओतू नका.

९. दुखलं तर

दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या ठणकत असतील तर ते श्रमाचं दुखणं. दोन दिवसांत जातं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, धावताना वाढत असेल किंवा चाल लंगडी होत असेल तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टकडे जा. पेनकिलर खाऊन धावू नका. दुखणं झाकलं जातं, आणि अंगात पाणी कमी असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो. छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर जागच्या जागी थांबून मदत मागा. शर्यत पुढच्या वर्षीही आहे.

१०. शेवटचा आठवडा

या आठवड्यात केलेल्या कष्टाचा उपयोग शून्य, नुकसान मात्र होतं. दोनदा तीन-तीन किलोमीटर हळू धावा, बस्स. बिब घ्यायला एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधी भरणाऱ्या प्रदर्शनात, स्वतः जावं लागतं. ओळखपत्र आणि नोंदणीची पोच न्या. तिथे नवे बूट, नवे मोजे, नवी जेलं असं सगळं सवलतीत असतं. हवं तर घ्या, पण रविवारी त्यातलं काहीही वापरू नका.

संक्रांत याच आठवड्यात किंवा आगेमागे येते, तेव्हा तिळगूळ आणि गुळाची पोळी निर्धास्त खा. शनिवारी रात्री मात्र साधा वरणभात, आठच्या आत. हॉटेल नको, मसालेदार नको. बिब रात्रीच टी-शर्टला चार पिनांनी लावून ठेवा. झोप लागणार नाही. कुणालाच लागत नाही. म्हणून शुक्रवारी रात्री चांगली झोपा.

११. रविवार

हाफ माहीमच्या रेती बंदरावरून सुटते, सीएसएमटीहून नाही. तिथून फुल मॅरेथॉन सुटते. दरवर्षी कुणीतरी पहाटे चुकीच्या टोकाला पोचतंच. सुरुवात पहाटेची असते, म्हणून गाड्यांच्या वेळा आणि त्या दिवशीच्या जादा लोकल आदल्या दिवशीच बघून ठेवा. तासभर आधी पोचा. त्यातला निम्मा वेळ शौचालयाच्या रांगेत जातो.

सुरुवातीला गर्दी तुम्हाला ओढते. पहिले तीन किलोमीटर सगळे तुम्हाला मागे टाकतील. टाकू देत. पाढा काढा. थोड्याच वेळात सी लिंक येतो. एरवी इथे पायी चालायलाही बंदी, आणि आज सगळा पूल आपला. अंधारात खाली पाणी, वर तारांचे दिवे, आणि हजारो बुटांचा एकच आवाज. माझे डोळे भरून आले होते. पण इथेच लोक सेल्फीसाठी मधेच गचकन थांबतात. फोटो काढायचा तर कडेला सरका, आणि पुढच्याची पाठ बघत धावा.

वरळी, हाजी अली, आणि मग पेडर रोडचा चढ. अंतराचा बराच भाग झालेला, पाय जड, आणि रस्ता वर. फ्लायओव्हरचा सराव यासाठीच. पावलं छोटी करा, मान वर ठेवा, आणि सरळ चाललात तरी चालेल. मी निम्मा चढ चालले. दोन्ही बाजूंना लोक उभे असतात. संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, ढोलताशे, कुणाची आजी खुर्ची टाकून बसलेली. संत्रं घ्या, अनोळखी सरबत नको. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर मोकाट सुटू नका, गुडघे तिथेच जातात.

मरीन ड्राइव्हवर खरी परीक्षा. रस्ता वळणाचा असल्यामुळे पुढचं सगळं दिसतं आणि काहीच जवळ येत नाही. लांब बघणं सोडा. पुढचा दिव्याचा खांब गाठा, मग त्याच्या पुढचा.

शेवटची रेघ ओलांडल्यावर लगेच बसू नका, पोटऱ्यांत गोळे येतात. दहा मिनिटं चालत राहा, पदक घ्या, पाणी घ्या, काहीतरी खारट खा, कोरडा टी-शर्ट घाला. घरच्यांना भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा, त्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. गाडीत बसायला जागा मिळाली तर उठताना हाताचा आधार घ्या. आणि स्टेशनचा पूल उतरताना कठडा धरून पाठमोरं, उलटं उतरा. मांड्यांना तेच सोसतं. लोक बघतात. मुलुंडला एका काकांनी मला विचारलं, "काय झालं, पाय मोडला का?" मी टी-शर्टच्या आतून पदक काढून दाखवलं आणि पुढची पायरी उतरले.